मागच्या बाजूनं दिसलेला सिनेमा

आक्का, वाद संपला. तू हरलीस.

गेल्या महिन्यात तुझं तेरावं झालं. पेठ वडगावहून कोल्हापूरला घरी आलो, चपला काढल्या, आणि तू जिवंत असेपर्यंत जो सिनेमा मला तुझ्यासमोर लावू दिला नाहीस तो मोबाइलवर लावला. शेवटची पाटी माझ्या डोळ्यांनी वाचली. ‘नावाडी एकटाच परतला.’ मी म्हणत होतो तेच, अक्षरन् अक्षर. जन्मभर चाललेला वाद जिंकला म्हणून उठलो, तुझा नंबर लावला. तुझ्या सुनेनं उचलला. “काय झालं मामा?” म्हणाली. चुकून लागला म्हटलं आणि ठेवून दिला.

जिंकल्यावर सांगायला माणूस नसेल तर त्या जिंकण्याचं काय करायचं असतं? तुला ठाऊक असेल तर सांग. मला काही सुचत नाही.

तुला सगळं माहीत आहे, तरी पुन्हा सांगतो. न सांगून जाऊ कुठं? आपल्या गल्लीतल्या तालमीचा गणपती बसायचा तेव्हा एका संध्याकाळी सिनेमा असायचा. रस्त्याच्या आरपार, या घराच्या गॅलरीपासून त्या घराच्या गॅलरीपर्यंत पांढरं कापड ताणायचे. प्रोजेक्टरच्या बाजूला पुरुष आणि पोरं. कापडाच्या मागल्या बाजूला बायका आणि पोरी. पडदा पातळ, त्यामुळे दोन्हीकडून चित्र दिसायचं, फक्त मागच्यांना उलटं. राजा डाव्या हातानं तलवार चालवायचा, आणि बायकांची त्याला काही हरकत नसायची.

त्या वर्षी तालमीच्या कुणा हौशी माणसानं जुना मुका सिनेमा आणला. पोरांनी बोंब मारली, पण आपल्या गल्लीला सिनेमाचा भारी अभिमान. सिनेमा कोल्हापुरानंच जगाला शिकवला अशी तिथं सगळ्यांची खात्री. मी सात वर्षांचा होतो आणि मला अगदी पुढं, पडद्याला नाक लागेल असं बसवलं होतं. गोष्ट साधी. सासरच्यांनी खोटा आळ घेऊन एका बाईला बाहेर काढलेलं. ती होडीत बसून नदीपलीकडं जाते. तिचं पोर काठावर उभं. किती तरी वेळ नुसतं उभं. शेवटी धुक्यातून होडी परत येते. होडीत एक माणूस, डोक्यावरून घोंगडी घेतलेला, तोंड दिसत नाही. पोर पाण्याकडं पळतं, आणि सिनेमा संपतो.

मधे ती पाटी येते, मुक्या सिनेमात बोलण्याऐवजी लिहून दाखवतात तसली. पाट्या वाचायचं काम दत्तू पैलवानाकडं होतं. जेमतेम शिकलेला, पण आवाज असा की पलीकडच्या पेठेत ऐकू जावा. एकेक अक्षर उचलून आपटल्यागत वाचायचा. “ना-वा-डी... ए-क-टा-च...” त्याचं वाचून होईतो पुढचं चित्र निघून गेलेलं असायचं. पण ती पाटी त्यानं पुरी वाचली. मी ऐकली.

त्या रात्री मला शालनच्या घरी झोपवलं. शालन म्हणजे तुझी मैत्रीण, समोरच्या घरातली. सकाळी तू कंगवा आणि माझा धुतलेला शर्ट घेऊन तिथं आलीस, कारण नेसरीचा मामा मला न्यायला आला होता. माझा भांग पाडता पाडता तू विचारलंस, सिनेमात काय झालं? मी सगळं सांगितलं आणि रडायला लागलो. ती बाई आलीच नाही, म्हणून. तेव्हा तू माझी हनुवटी धरून म्हणालीस, “तुला म्होरनं न्हाई कळलं, लेका. मागनं नीट दिसतंय. घोंगडीत तीच हुती. आली की ती परत.”

“पाटीवर लिवलंय न्हाई आली म्हणून.”

“पाटीला काय कळतंय! लिवणारा काय होडीत बसलावता?”

आपली आई तेव्हा मिरजेच्या दवाखान्यात होती. आधी पोटाचं काहीतरी, मग ऑपरेशन, मग पुन्हा काहीतरी. मी तुझं ऐकलं आणि नेसरीला गेलो. काही दिवसांनी मामानं मला उसाच्या बांधावर बसवून सांगितलं की आई आता यायची नाही. त्या दिवशी मी म्हणे रडलो नाही. “आक्काला विचारा,” एवढंच म्हणत राहिलो. मामा हे सांगून सांगून पुढं स्वतः रडायचा.

पुढं मला तूच वाढवलंस. आबा कामावर जायचे आणि यायचे, तेवढंच. भाकरी तुझी, शाळा तुझी, अंगठे धरून उभं राहायची शिक्षाही तुझीच. तू लग्न करून वडगावला गेलीस तेव्हा मी दाजींशी वर्षभर बोललो नाही. बिचाऱ्या दाजींनी म्हशीचा खरवस पाठवून पाठवून मला माणसात आणलं.

मी बँकेत लागलो आणि सिनेमाच्या नादाला लागलो. फिल्म क्लब काढला, रशियन-जपानी नावं तोंडपाठ केली, मूकपटांवर भाषणं ठोकली. आणि दर भाषणानंतर तुझ्याकडं येऊन तोच विषय. मी सांगायचो, चित्राचा अर्थ असा, पाटीचा अर्थ असा, दिग्दर्शकानं तोंड झाकलं ते मुद्दाम. तू धार काढत ऐकायचीस आणि शेवटी म्हणायचीस, “व्हय रं, पर ती आलती.” मी चिडायचो. माझ्यासारख्या जाणकाराला एक बाई पडद्याच्या मागून उलटा बघितलेला सिनेमा शिकवते म्हणजे काय! दाजी म्हणायचे, “बापूराव, सोडा. माझ्यासंगं तरी कुठं कधी हरलीया?”

दाजी गेल्यावर आपले रविवार सुरू झाले. मी स्कूटरवरून वडगावला यायचो, जेवायचो, आणि दुपारी आपण सिनेमा बघायचो. मला मूकपट हवे असायचे, तुला कार्टूनचे. परदेशी, हातानं काढलेले, जुने. नातीनं एकदा लावून दिले आणि ती मोठी झाली तरी तुझी आवड काही सुटली नाही. मी आधी हसलो. पोराटोरांचं आहे म्हणालो. तू म्हणालीस, “तुझा कॅमेरा नुसता उभा ऱ्हातोय. हितं एका झाडाचं पान हलवायचं तरी माणसानं बसून कितींदा काढलंय बघ. ही मेहनत हाय. तुझं आपलं बटन दाबलं की झालं.”   क्लबात नंतर हेच वाक्य मी माझं म्हणून खपवलं आणि टाळ्या घेतल्या.

तू टीव्हीचा आवाज बंद करायचीस. गाण्यांनी डोकं उठतं म्हणायचीस. मग सगळ्यांचं बोलणं तूच बोलायचीस. त्या राजकन्या आल्या की तुझा पहिला आक्षेप मानेवर. “ह्या मानंवर मंगळसूत्र कसं टिकायचं? काडी हाय नुसती.” राजपुत्राबद्दल तर काही विचारायलाच नको. “ह्यो करतो काय? धार काढतोय? ऊस तोडतोय? नुसता घोड्यावर बसून गावभर!” चेटकीण मात्र तुझी लाडकी. अख्ख्या राजवाड्यात ती एकटीच कामाला लागलेली असते, बाकी सगळे गाणी म्हणतात, असं तुझं मत. ती कढई ढवळायला लागली की तू तिच्या वतीनं म्हणायचीस, “अगं बयांनो, कुणीतरी सरपण आणा की!” मी पोट धरून हसायचो. त्या चेटकिणी किती उत्तम काढल्या आहेत हे मला तुझ्यामुळं दिसलं. चांगल्या माणसांना त्या चित्रकारांनी गुळगुळीत करून टाकलं आणि सगळी कला वाईटांच्या चालण्यात घातली. हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

माझे मूकपटही तू सोडले नाहीस. त्यातल्या बायका म्हणजे पुरुषच, नऊवारी नेसलेले. “काय बाई, पतिव्रता आताच दाढी करून आलीया,” म्हणायचीस. मग थोड्या वेळानं पडद्याला डोळे लावून बघायचीस. एकदा तू म्हणालीस, “बोलायला लागल्यापास्नं सिनेमातली माणसं एकमेकाकडं बघायची बंद झाली.” आवाज आला आणि चेहरे आळशी झाले, असं मी पानंच्या पानं लिहिलं होतं. तू ते एका वाक्यात सांगून उठलीस, आणि म्हशीला पेंड घालायला गेलीस.

एका गोष्टीवर मात्र तू मला फार चिडवलंस. त्या जुन्या कार्टूनवाल्यांना आया मारायची भारी हौस. हरणाचं पिल्लू असो, अस्वलाचं असो, पोरगी असो की राजकन्या. सिनेमा नीट सुरू झाला नाही तोवर आई मेलेली असते, नाहीतर आधीच मेलेली असते. माझं म्हणणं, गोष्ट पुढं जायला ते लागतं; आई असेपर्यंत पोर घराबाहेर पडतच नाही. ती जागा आली की तू नेमकी उठायचीस. “दूध उतू जाईल.” मी बसल्या जागेवरून ओरडायचो, “आक्का, गॅस बंद हाय!” तू तरी जायचीसच. ते संपलं की पदराला हात पुसत यायचीस आणि विचारायचीस, “झालं का त्येंचं मारून?” मला वाटायचं, तू जनावरांत राहिलेली बाई, मुकं जनावर मेलेलं तुला बघवत नाही.

गेल्या वर्षी क्लबातल्या एकानं मला लिंक पाठवली. कुठल्याशा संग्रहालयानं जुनी रिळं धुऊन-पुसून इंटरनेटवर टाकली होती, आणि त्यात आपला होडीचा सिनेमा. पहिला भाग गेलाय, शेवट आहे. मी तसाच वडगावला पळालो. तू तेव्हा खाटेवर होतीस, दोन उशांना टेकून, श्वास पुरत नव्हता. मी मोबाइल तुझ्यासमोर धरला.

“नगं,” म्हणालीस. “मला दावू नगंस.”

“का? हरशील म्हणून?”

“व्हय, हरंन म्हणून. झालं समाधान?”

“आक्का, दोन मिनिटांचं काम हाय.”

“मी गेल्यावर बघ तुझा तू. माझ्या डोळ्यांम्होरं लावलास तर बोलणार न्हाई बघ तुझ्यासंगं.”

इतक्या वर्षांत तू मला न बोलण्याची धमकी कधी दिली नव्हतीस. मी मोबाइल खिशात घातला. मग आपण तुझं ते जंगलाचं कार्टून लावलं, आवाज बंद करून. पण बोलायला तुझ्यात दम नव्हता, म्हणून त्या दिवशी सगळी जनावरं मुकीच राहिली. मी दोन-तीन वाक्यं बोलून बघितली. तू हसलीस, पण ते मला बरं वाटावं म्हणून.

आता रविवार येतो आणि मला दुपारी दोननंतर काय करायचं कळत नाही. एकदा तुझी चेटकीण लावून बसलो. आवाज बंद केला. ती कढई ढवळत राहिली आणि घरात कुणी काही बोलेना. शेवटी मी टीव्ही बंद केला आणि अंधार पडेपर्यंत तसाच बसलो. क्लबवाले म्हणतात, एखादा चांगला सिनेमा लावू, तुमचं मन रमेल. मन रमवायला मला आता कुठलाच सिनेमा पुरा पडत नाही. खरं सांगू का, सिनेमा मला आवडायचा की तुझ्याशी त्यावर भांडायला आवडायचं, हेच मला आता ठरवता येत नाही. पडद्यावर काही चांगलं आलं की मान आपोआप डावीकडं वळते, तू बसायचीस तिकडं. तिथं खुर्चीही नाही.

इथवर लिहून मी थांबलो होतो. लेख संपला असं वाटत होतं. तू हरलीस, मी जिंकलो, आणि जिंकून माझं वाटोळं झालं, एवढंच म्हणायचं होतं. क्लबाच्या अंकात द्यायचा म्हणून साफ करायला घेतला, आणि वाटलं, पडद्याच्या मागल्या बाजूला बसलेलं अजून कुणीतरी असेलच की. एकदा विचारावं. पाट्या उलट्या, वाचता येत नाहीत, हे खरं. पण दत्तू पैलवान वाचत होता ते तर दोन्हीकडं ऐकू जात असणार. मग तुला ऐकू आलं कसं नाही?

शालन अजून त्याच गल्लीत, त्याच घरात. गुडघे गेलेत तिचे. “ये रं बापू,” म्हणाली, आणि तुझी आठवण काढून आधी डोळे पुसले. मी मोबाइल लावून तिच्या हातात दिला. चष्मा चढवून तिनं सगळं बघितलं. होडी आली, पाटी आली, पोर पळालं.

“ह्योच की. तालमीनं आणलावता त्यो.”

“शालनताई, तुम्हाला मागनं काय दिसलं? आक्का म्हणायची, घोंगडीत ती बाईच होती.”

तिनं चष्मा काढला. “आक्का? आक्का कुठं हुती सिनेमाला?”

मला वाटलं, वय झालंय तिचं. म्हटलं, “तुमच्याबरोबरच बसलेली ना?”

“न्हाई रं बाबा. ती तुमच्या सैपाकघरात हुती. सांच्याला तुझा आबा मिरजेस्नं आला आणि आई गेल्याचं सांगितलं. आम्ही बायका उठून तुमच्याकडं आलो, तर ही दारात आडवी हुभी. म्हणली, कुणी आवाज करायचा न्हाई. बापू म्होरं बसलाय. त्याचा सिनेमा हुंदे पुरा.”

 ती पुढं बोलत राहिली.

“त्यो दत्तू वराडत हुता त्ये सगळं आत ऐकू येत हुतं. ही भिंतीला टेकून ऐकत हुती. कुणी जवळ घ्याया गेलं तर हात झिडकारायची. तुला आमच्याकडं झोपवा म्हणून तिनंच सांगितलं. तुला ठावं न्हाई व्हय? मला वाटलं, तिनं सांगितलं असंल कवातरी.”

नाही सांगितलंस. आई गणपतीत गेली हे मला माहीत होतं. तिथीला दर वर्षी जेवण घालतो मी. पण तालमीचा सिनेमा त्यातल्या कुठल्या दिवशी होता हे कोण लक्षात ठेवतं? तू ठेवलंस. आणि मी दर रविवारी जेवून-खाऊन तुझ्यासमोर बसून तोच दिवस पुन्हा पुन्हा काढत राहिलो.

होडी, धुकं, घोंगडी, काठावरचं पोर. हे सगळं तर मीच सकाळी तुला सांगितलं होतं. तुझ्याजवळ त्या सिनेमातलं फक्त एक वाक्य होतं, भिंतीपलीकडून ऐकलेलं. नावाडी एकटाच परतला. ते ऐकून तू रात्रभर बसलीस, आणि सकाळी माझा भांग पाडताना ते खोडून काढलंस. आणि मग जन्मभर मागं घेतलं नाहीस. मी रशिया-जपानातले दाखले दिले, तरी नाही. मरताना सुद्धा नाही.

सात वर्षांच्या पोराला एक दिवस खोटं सांगणं मी समजू शकतो. पण मी म्हातारा झालो तरी तू तेच धरून बसलीस. तुला वाटत होतं का, की अजूनही ते ऐकल्याशिवाय मी उभा राहणार नाही? की सांगता सांगता तुलाच ते लागायला लागलं होतं? तुझ्या खाटेपाशी बसून मी हे विचारू शकलो असतो. मला विचारायचं आहे हेच मला कळलं नाही, आणि आता कळलं ते कुणाच्या उपयोगाचं?

शालनच्या घरातून निघालो. समोर आपलं घर, आता तिथं दुसरेच राहतात. स्वयंपाकघराची भिंत रस्त्याला लागूनच आहे. पडदा ताणायचे ती जागा तिथून हाकेच्या अंतरावर. मी पुढं बसलो होतो, तोंड वर करून, आणि तू भिंतीच्या आत होतीस. तू चौदा वर्षांची होतीस, आक्का.

मला सकाळी सांगायला तू होतीस, की ती आली परत. त्या रात्री तुला सांगायला कोण होतं?